वाळूचं जाकीट

जयसिंगआप्पांचा वजीर बैल पुढच्या पायांनी कायमचा बसला, त्याच वर्षी त्यांची थोरली पोरगी नीलम तालुक्याच्या शालेय स्पर्धेत लांब उडीत पहिली आली. गावात या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही. आप्पांनी मात्र लावला, आणि नीलमचे हाल तिथून सुरू झाले.

वजीर म्हणजे शिरूरच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींच्या घाटांवर नाव काढलेला बैल. त्याच्या जिवावर आप्पांनी काही वर्षं नुसत्या गुलालात काढली. यात्रेत लाउडस्पीकरवरून त्यांचं नाव पुकारलं जायचं, आणि माणूस किती साधा असतो पाहा, त्या एका पुकाऱ्यावर त्यांचं अख्खं वर्ष निघायचं. बैल कशानं बसला ते गुरांच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. कोवळ्या वयात फार ओढायला लावलंत, म्हणाला. आप्पांनी डॉक्टर बदलला आणि बैलाला बाजार दाखवला. पुढं बरेच दिवस ते ओट्यावर नुसते बसून असायचे, घरातलं कुणी गेल्यासारखे.

मग शाळेनं नीलमचा सत्कार ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, वडिलांनीही वर यावं. टाळ्या पडल्या. त्या पोरीसाठी होत्या, पण आप्पांनी त्या परस्पर आपल्याच समजून घेतल्या. घरी आल्यावर त्यांनी नीलमला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, उभं केलं, खाली उकिडवं बसून तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, घोटा हातात धरून फिरवला.

"माल बरा हाय," ते म्हणाले.

चुलीपुढून अनिता, त्यांची बायको, म्हणाली, "आवो, पोरगी हाय ती. बैल न्हाई."

"म्हणून तर बरं हाय. बैलाला बोललेलं कळत न्हाई, हिला कळतंय. निम्मी मेहनत वाचली."

यावर स्वतःच हसले. नीलमही हसली. बाप कितीतरी दिवसांनी हसत होता, आणि तिला वाटलं होतं की हे सगळं कौतुकच आहे.

आप्पांची मेहनत घ्यायची रीत एकच, आणि ती त्यांनी आयुष्यभर बैलांवर वापरलेली. पळायच्या जनावराला कायम वजनाखाली ठेवायचं. वाळूची पोती ओढायला लावायची, चिखलातून काढायचं, मागून दोर धरून अडवायचं. आणि मुख्य नेम असा, की शर्यतीच्या दिवसापर्यंत त्याला एकदाही मोकळं पळू द्यायचं नाही. ऐन दिवशी वजन काढलं की जनावर इतक्या दिवसांची दाबलेली ताकद एकदम बाहेर टाकतं, असं त्यांचं म्हणणं. वजीर तसा पळायचाही. तो किती वर्षं पळाला, हा प्रश्न आप्पांना कुणी विचारायचा नाही आणि विचारला तर त्यांना ऐकू यायचा नाही.

तर तीच रीत नीलमला लागू झाली. युरियाच्या रिकाम्या गोणीचं एक बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, त्याला चहूबाजूंनी कप्पे, कप्प्यांत नदीची बारीक वाळू. कंबरेला बैलाच्या पोटाखालून बांधायचा जुना चामडी पट्टा. पट्ट्याला मागं ट्रॅक्टरच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी आणि तिला दोर. दोराचं टोक भैरूच्या हातात. हा भैरू आप्पांचा जुना गडी, वजीरलाही त्यानंच धरलेलं. पहाटे उसाच्या कापलेल्या फडात नीलमनं पुढं झेप घ्यायची आणि भैरूनं मागं टाच रोवून ओढायचं. रबर ताणलं जायचं, पोरगी हवेत असतानाच मागं खेचली जायची आणि दाणकन खाली यायची. "पुना!" आप्पा ओरडायचे. पुन्हा. वाळू दर पंधरवड्याला वाढायची. भैरूला दया यायची नाही असं नाही, पण गड्याची दया मालकाच्या पाठीमागं असते, तोंडासमोर नसते.

सुरुवातीला नीलमच्या उड्या खरोखरच वाढल्या. म्हणून तर सगळे फसले.

दौंडला रेल्वेच्या मैदानावर ललिताबाई म्हणून एक जण दर रविवारी मुलींना उड्या शिकवायच्या, फुकट. स्वतः एकेकाळच्या तिहेरी उडीतल्या, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागलेल्या, तिकीट तपासायची नोकरी करून राहिलेला सगळा जीव मैदानावर घालणाऱ्या. शाळेच्या सरांनी नाव सुचवलं आणि आप्पा नीलमला घेऊन पिकअपमधून दौंडला जाऊ लागले. पिकअप तीच, वजीरला घाटांवर न्यायची. धाकटी शितलही हट्टानं मध्ये बसायची. ती अकरा वर्षांची, अंगानं काडी आणि बापाच्या नजरेला भुकेलेली.

ललिताबाईही वजन बांधायच्या. ते पाहून आप्पा खूश झाले. पण बाईंचं जाकीट हलकं होतं, रबर बोटभर रुंदीचं, आणि दहा उड्या झाल्या की ते काढून ठेवून मोकळ्या उड्या.

"पाय जमिनीला लागला की चटका बसल्यासारखा उचलला पाहिजे," बाई मुलींना सांगायच्या. "वजनानं तो चिकटायला लागला की समजायचं, जास्त झालं. जोर वाढतोय पण वेग मरतोय."

एका रविवारी त्यांनी आप्पांना घरी बोलावलं, रेल्वे कॉलनीत. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब. बाईंनी चहा ठेवला. आप्पा म्हणाले, "आज उपास हाय माझा." वाटेत त्यांनी नीलमच्या देखत दोन वडापाव खाल्ले होते. नीलमनं मान खाली घातली. बाईंनी तो कप स्वतःच्या पुढं ओढला. त्यांना असे उपास नवीन नव्हते.

"काका, नीलमचे गुडघे सुजतात. घरी किती वजन घालता?"

"थोडंच."

"अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि मी सांगितलेल्या चाचणीच्या आधीचे तीन आठवडे काहीच नको. नुसतं मोकळं पळू दे, पावलं उडायच्या फळीवर, बोर्डावर, बसू देत. आणि ही जी धाकटी उड्या मारत फिरते, हिला तर वजनाखाली अजून काही वर्षं आणूच नका. वाढीची हाडं आहेत. एकदा गुडघा गेला की जन्माचा जातो."

आप्पा "व्हय व्हय" म्हणाले. पिकअपमध्ये बसल्यावर म्हणाले, "ही बाई मला शिकवती. ह्यांना नोकऱ्या मिळाल्या म्हंजी अक्कल बी मिळाली, आसं वाटतंय." आणि पुढच्या रविवारपासून दौंड बंद झालं. बाईंचे फोन आले. अनिता नवऱ्याकडं बघत फोनवर सांगायची, पाव्हणे आल्यात, सवड न्हाई.

जी चाचणी बाईंनी सुचवली होती ती पुण्यातल्या एका क्रीडा वसतिगृहाची होती, पण व्हायची दौंडलाच. राहणं, खाणं, कॉलेज, सकाळ-संध्याकाळ मैदान आणि पुढं नोकरीची वाट. लांब उडीला मुलींच्या दोनच जागा. नीलमनं त्या वसतिगृहाचे फोटो बाईंच्या मोबाइलवर पाहिले होते. तिला मैदानापेक्षा तिथला पलंग आठवायचा, लोखंडी, साधा, वर निळी चादर. त्या पलंगावर पहाटे तिला दोराला बांधायला कुणी उठवणार नव्हतं. गुडघ्यांवर रात्री आई गरम मीठ बांधायची तेव्हा ती डोळे मिटून तो पलंगच बघायची.

चाचणीच्या आठवड्यात आईच्या शिलाई मशीनवर तिला आणखी एक जाकीट दिसलं. लहान. इतकं लहान की तिला आधी उशीचा अभ्राच वाटला.

"आई, हे तू शिवलंस?"

अनितानं वर पाहिलं नाही. "मी न्हाई शिवलं तर ते सुतळीनं टाचतील. पोरीची कातडी सोलून निघंल. मी आतनं मऊ सुती लावलंय."

तिच्या स्वतःच्या जाकिटालाही आतून जुन्या साडीचं मऊ अस्तर होतं. इतके दिवस तिला ते आईचं प्रेम वाटत आलं होतं आणि ते प्रेम होतंही, म्हणून तर जास्त राग आला.

ती सरळ बापापुढं जाऊन उभी राहिली. "आप्पा, शितलला न्हाई बांधायचं."

"कोण म्हंतं आत्ताच बांधतो?" आप्पा शांतपणे म्हणाले. "आधी तुझा निकाल बघू. तू लागलीस म्हंजी आपली रीत खरी. मग शितल. आन् तिच्यामागं गावच्या चार पोरी. कारेगावच्या कोंडिबाला सांगितलंय मी, त्याच्या बी दोघी पोरी हायेत. मैदान करू, नावाची पाटी लावू."

"आन् न्हाई लागले तर?"

आप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं घरात काही अशुभ बोललं. "तर मग कशाला बांधायचं? रीत खोटी निघाली तर खोटी. पर तू लागणार."

शितल दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उजळलेला. कंबरेला तिनं ओढणी आवळून बांधली होती आणि ओढणीचं टोक मागं कुणीतरी धरलंय असं समजून ती पुढं झेपा टाकत होती. नीलमनं ती ओढणी ओरबाडून काढली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडत बापाकडं गेली. बापानं तिला मांडीवर घेतलं. नीलमला त्यानं मांडीवर कधी घेतलं होतं ते तिला आठवेना.

चाचणीच्या दिवशी सगळे पिकअपमधून दौंडला गेले. अनिता तेवढी घरी राहिली. कोंडिबा रात्रपाळी करून रांजणगावहून मोटारसायकलवर परस्पर आलेला, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. रेल्वेच्या मैदानावर मुलींची गर्दी, पलीकडं मालगाड्यांची खडखड. ललिताबाईही आल्या होत्या, त्यांच्या दोन मुली उतरणार होत्या. नीलमला पाहून त्या धावत आल्या आणि त्यांनी तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"शेवटची मोकळी कधी पळालीस?"

"न्हाई पळाले."

"म्हणजे?"

"तुमच्याकडं यायचं बंद झाल्यापासनं न्हाई पळाले, मॅडम. आप्पा म्हंत्यात, आजच सोडायचं."

बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की धाव सुरू करायची खूण कुठं ठेवणार आहेस. नीलमनं दाखवली. वाळूचं जाकीट घालून तिनं घरी जी मोजली होती, तीच.

आप्पांनी स्वतःच्या हातानं तिचं जाकीट उतरवलं. लोकांना दिसेल असं, जरा वेळ लावून. जाकीट जमिनीवर पडलं तसा धप्प आवाज झाला आणि दोन-चार जणांनी वळून पाहिलं. आप्पांची छाती फुगली. नीलमला मात्र चक्कर आल्यासारखं झालं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आपले पाय आपलेच आहेत, यावर तिचा विश्वास बसेना.

पहिल्या उडीला ती धावली ती तिच्याच अंदाजाबाहेर धावली. पावलं लांब पडली. बोर्ड कधी आला आणि कधी मागं गेला हे कळलंच नाही, पाऊल पुरतं पुढं पडलं आणि ती उडाली. वाळूत इतकी लांब गेली की खड्ड्याच्या कडेला बसलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या. लाल झेंडा वर झाला.

"मोजा की!" आप्पा दोरीपलीकडून ओरडले. "कुटं गेलीय बघा आधी!"

"पाय बोर्डाच्या पुढं पडलाय, काका. फाऊल मोजत नसतात," पंच म्हणाला. एका माणसानं दाताळं घेतलं आणि वाळू सारखी केली.

"एवढी मोठी उडी पुसताय? डोळं हायेत का भोकं?"

पंचानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. लक्ष न मिळणं आप्पांना शिवीपेक्षा झोंबायचं.

ललिताबाईंनी नीलमला खूण चांगली तीन फूट मागं घ्यायला लावली. तिनं घेतली. पण या वेळी धावता धावता ती बोर्डाकडं बघत राहिली, पावलं आखूड केली, शेवटी भलताच पाय पुढं आला आणि ती न उडता तशीच खड्ड्यातून धावत गेली. दुसरा लाल झेंडा.

आप्पा दोरी ओलांडून पाण्याची बाटली घेऊन आले. चेहऱ्यावर हसू, लोक बघत होते ना. बाटली तिच्या तोंडाला लावली आणि दुसऱ्या हातानं तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं, कातडी दोन बोटांत धरून पिळली. पाणी नीलमच्या नाकातोंडात गेलं.

"शितल बघती हाय," ते हसतच म्हणाले. "कोंडिबा बघतोय. माझं नाक कापलंस तर याद राख."

नीलमनं ओल्या डोळ्यांनी तिकडं पाहिलं. शितलनं ते छोटं जाकीट घातलं होतं. नुसतं दाखवायला म्हणून आणलेलं, पण घातलं होतं, आणि कप्पे भरलेले होते. कोंडिबा वाकून हातानं वजन अजमावत होता. शितल त्याला उडून दाखवत होती. प्रत्येक वेळी खाली आली की तिचे काडीसारखे गुडघे आत वळायचे आणि ती ते ताठ करून पुन्हा हसायची.

बाईंनी नीलमचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवला. "तिकडं बघू नको. ऐक. तीनातली ही शेवटची उडी. बोर्ड विसर. बोर्डाच्या हातभर मागूनच ऊड. तुझे पाय बघितलेत मी आज, मागून उडालीस तरी इथल्या सगळ्यांच्या पुढं पडशील. एक पांढरा झेंडा, बास. त्या वसतिगृहात जागा तुझी आहे, पोरी. घे ती."

नीलमला कळत होतं की बाई खरं सांगताहेत. ती खुणेवर जाऊन उभी राहिली. अंग शांत झालं होतं. पावलं आता कशी पडणार ते तिला उभ्या उभ्या समजत होतं, जसं उतारावर सायकल सोडली की समजतं. समोर धावपट्टी, बोर्ड, वाळू आणि त्याच्यापुढं तो लोखंडी पलंग.

"ताई, ऊड!" शितल जिवाच्या आकांतानं ओरडली. "तू लागलीस की उद्यापासनं मी!"

नीलम धावली. पाऊल न् पाऊल हवं तिथं पडत गेलं. शेवटच्या चार पावलांत तिला स्वच्छ दिसलं की पाय बोर्डाच्या मागं पडतोय, अगदी बाईंनी सांगितलं तिथं. तिला ओरडून रडावंसं वाटलं. तिनं शेवटचं पाऊल लांबवलं, बोर्ड ओलांडला, त्याच्या पलीकडं पाय ठेवला आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून उडाली. हवेत असताना मागून कुणीही ओढलं नाही. ती त्या दिवसातली सगळ्यांत लांब उडी होती आणि तिची आयुष्यातली. वाळूतून उठायच्या आधीच तिला लाल झेंडा दिसला.

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. शितल टाळ्या वाजवत राहिली, तिला झेंड्यांतलं काही कळत नव्हतं.

ललिताबाई खड्ड्याजवळ आल्या. त्यांनी नीलमला हात दिला नाही.

"चुकून पडलेला पाय मी ओळखते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा चुकून नाही पडला."

नीलमनं शितलकडं बोट दाखवलं. "मी लागले असते तर उद्यापासनं तिला बांधलं असतं."

बाईंना सगळं समजलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण मैदानावर वाढलेली बाई, खोटं समाधान त्यांना देता यायचं नाही. "मूर्ख पोरी," त्या म्हणाल्या, "तू सुटली असतीस तर उद्या बाहेरून हात घालून तिला ओढून काढता आलं असतं. आता दोघी आत राहिलात." एवढं बोलून त्या आपल्या मुलींकडं गेल्या. त्यांच्या उड्या अजून बाकी होत्या.

परतीच्या रस्त्यावर पिकअपमध्ये शितल दोघांच्या मध्ये पेंगत होती. आप्पा गाडी अशी चालवत होते की समोर येणाऱ्या प्रत्येक उसाच्या ट्रॉलीशी त्यांचं वैर आहे. न्हावऱ्याच्या अलीकडं ते एकदम पुटपुटले, "चुकलं आसंल का माझं? वजन जास्त झालं का काय? ती बाई म्हणत व्हती..."

उभ्या आयुष्यात आप्पांनी स्वतःबद्दल अशी शंका काढली नव्हती. नीलमनं इथं गप्प बसायला हवं होतं. नुसतं गप्प. ती शंका आपोआप वाढली असती. पण दंडावरचा पिळा ठणकत होता, पलंग गेला होता, बाई तोडून बोलल्या होत्या, आणि सतरा वर्षांच्या पोरीला बापाला एकदा तरी दुखवायचं होतं. समोर कोलमडलेला दिसतोय तोवरच.

"तिसरा पाय मी मुद्दाम टाकला," ती म्हणाली. "मला मागनं उडता येत हुतं. मी न्हाई उडले. शितलला बांधू नये म्हणून."

आप्पांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. नीलम आता मार बसणार म्हणून खिडकीला चिकटली. पण आप्पा तिच्याकडं नुसते बघत राहिले, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा काळवंडलेपणा निघून गेला.

"म्हंजी उडी खरी व्हती?"

नीलम खिडकीबाहेर बघत राहिली.

"आगं बोल की! मागनं उडाली आसतीस तर लागली आसतीस?"

"व्हय."

"म्हंजी वजनाचं काय चुकलं न्हाई!" त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली. शितल दचकून जागी झाली. "मी म्हंतो, आसं कसं चुकंल? चुकलं ते तुझं डोस्कं. पंधराव्या वर्षी धरलं तुला, तवर मतं फुटली व्हती. मतं फुटायच्या आदी धरायला पायजे. माझी चूक हाय ती, वजनाची न्हाई."

त्यांनी तिथंच कोंडिबाला फोन लावला. "आरं, पोरगी मुद्दाम पाय टाकला म्हणती! ... व्हय, सोताच्या तोंडानं सांगितलं. म्हंजी बघ, आपल्या रीतीनं उडी केवढी झाली ते तू डोळ्यांनी पाहिलंस. दोघींना घिऊन ये तू. धाकटीला आदी आण."

नीलम त्यांच्या हातातला फोन ओढायला गेली. त्यांनी कोपरानं तिला मागं सारलं, रागानंही नाही, गोठ्यात मध्ये आलेल्या वासराला सारतात तसं, आणि बोलणं चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत आप्पा शितलला फडात घेऊन गेले. नीलम मागून पळत गेली. शितलच्या कंबरेला चामडी पट्टा दोन वेढे घेऊनही सैल होत होता, म्हणून आप्पांनी त्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. दोराचं टोक त्यांनी नीलमपुढं धरलं.

"तू धर. कुटं ताण द्यायचा, तुला ठाऊक हाय."

"मी न्हाई धरायची."

"बरं," आप्पा म्हणाले आणि बांधावर बसलेल्या भैरूकडं वळले. "भैरू, ये रं. पर ह्याला एकच ताण ठाऊक हाय बग, बैलाचा."

भैरू उठला. त्याचे हात नीलमनं दोन वर्षं पाठीमागं अनुभवले होते. तो अर्ध्या वाटेत यायच्या आत तिनं दोर घेतला.

शितलनं मागं वळून पाहिलं. जाकिटाखाली ती आणखीच लहान दिसत होती. तोंडभर हसली. "ताई, नीट वढ हां. सोडू नको, न्हाईतर मी तोंडावर पडंन."

"न्हाई सोडत," नीलम म्हणाली.

शितलनं झेप घेतली. नीलमनं जितकं कमी ओढता येईल तितकंच ओढलं, पोर पडू नये एवढंच. शितल हलकेच खाली आली. आप्पांना ते लगेच दिसलं. असल्या गोष्टीत त्यांची नजर कधीच चुकत नव्हती.

"भैरू," त्यांनी हाक मारली.

नीलमनं टाचा मातीत रोवल्या, दोराचा एक वेढा मनगटाला घेतला आणि पुढच्या झेपेला धाकटीला जोरानं मागं खेचलं. शितल दाणकन खाली आली, गुडघे आत वळले, आणि उठून बापाकडं बघू लागली.

"आत्ता कसं," आप्पा म्हणाले. "पुना."